उशिरा परतलेली मुलं

प्रिय कर्टिस,

तुझा अहवाल वाचला. गणित 'असमाधानकारक', वेळेत बारावी पार करणाऱ्यांचं प्रमाण 'असमाधानकारक', आणि शेवटी शिफारस: शाळेची सनद, म्हणजे ती चालवायची परवानगीच, वाढवू नये. एकही आकडा खोटा नाही, म्हणूनच जीव गुदमरतोय. खोटा असता तर भांडले असते. मला भांडता येतं हे तू जाणतोस.

तू इथे इतिहास शिकवायचास तेव्हा दर ऑगस्टमध्ये आपण दोघं पूर्व बाल्टिमोरच्या गल्ल्या पालथ्या घालायचो, शाळा सोडलेली मुलं परत आणायला. पायऱ्यांवर बसलेल्या आज्या म्हणायच्या, "आलास का रे बाबा पुन्हा? बस, आधी काहीतरी गार पी." बर्फाच्या गोळ्याचा लाल रंग तुझ्या शर्टावर सांडलेला असायचा. मला ते दिवस फार आवडायचे. तूही आवडायचास, आता लपवून काय करू? मग तू शहराच्या शिक्षण कचेरीत गेलास आणि मी एकटीच दारं ठोठावत राहिले.

तेच आम्हाला भोवलं. नववीत पाऊल टाकलं की घड्याळ सुरू. चार वर्षांत बारावी झाली नाही तर पोरगं अपयशाच्या रकान्यात, मग पाचव्या वर्षी ते पहिलं का येईना. काही शाळा अशा पोरांना गोड बोलून वाटेला लावतात आणि निकाल चकचकीत ठेवतात. आम्ही त्यांना हाताला धरून आत आणतो आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

मुलांना अजून काही सांगितलेलं नाही. शानिसला तर नाहीच. ती एकोणीस वर्षांची आहे, बाळ झालं म्हणून दोन वर्षं घरी होती. तिसऱ्या खेपेला तिनं मला दार उघडलं. काल बीजगणिताचा पेपर नाचवत म्हणाली, "मिस व्हर्ना, बघा, पास झाले. आता हाकलून दाखवा मला." मी हसले, आणि बाथरूमची कडी लावून रडले.

आकडे बदल असं मी म्हणणार नाही. मंगळवारी शहराचं शिक्षण मंडळ शाळा बंद करणार, हेही मला कळतं. पण तुझ्या शेवटच्या पानावर एक वाक्य आहे: 'विद्यार्थ्यांना अधिक चांगल्या शाळांत सामावून घ्यावे.' शानिससाठी मी ओळखीच्या सगळ्या शाळांना फोन केले. वय ऐकलं की जागा संपते. तिला घेईल अशा एका तरी चांगल्या शाळेचं नाव तुला ठाऊक असेल तर कळव. नसेल तर सोमवारी ये आणि तिला तूच सांग. माझ्या तोंडून ते निघत नाही.

अजूनही तुझीच,
व्हर्ना