खेळाडूंची उतरायची सोय

सर, आधी एक गंभीर तक्रार. स्वागत समितीच्या बैठकीत चहा ज्या कागदी पेल्यातून येतो, तो आचमनाला पुरेल, चहाला नाही. मी दोनदा लेखी निषेध नोंदवला. पेला तोच राहिला, बिस्किटं मात्र दोनावरून एकावर आली. होय, मी स्वागत समितीत आहे. रत्नागिरीत मुलींची राज्यस्तरीय खो-खो स्पर्धा भरते आहे, आणि संस्कृतचा शिक्षक दिसायला सभ्य असतो एवढ्या भांडवलावर मला घेतलं आहे.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, म्हणून थोडं सांगतो. आमच्या आळीच्या रस्त्यासाठी अर्ज करून आम्ही थकलो होतो. खेळाडूंची बस वळली पाहिजे म्हणून तो आठ दिवसांत झाला. मैदानावर दिवे आले, मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आली. संध्याकाळी मांडवीच्या मुली सरावाला येतात आणि त्यांच्या आया कठड्यावर बसून मासळीच्या भावापासून पंचांच्या अकलेपर्यंत सगळ्याचा समाचार घेतात. मी कुतूहलानं बघत उभा राहतो. चार दिवसांच्या खेळानं गाव खरंच सुधारतं, की पाहुणे येणार म्हणून नुसता केर काढला जातो?

तुम्ही भरवलेल्या स्पर्धेत रस्ताबिस्ता काही झाला नव्हता. व्यायामशिक्षक नाही म्हणून तुम्हीच धोतर खोचून खो-खो शिकवायचात, आणि बाहेरगावच्या मुलींची जेवणं घराघरांत वाटून द्यायचात. त्या वर्षी मी नववीत आहे. देशावरच्या दोघी आमच्याकडे आल्या आहेत. तुमची अट एकच: पाहुण्यांना आत, आपल्या पंगतीत बसवायचं. आई जात विचारत नाही, तेवढी ती सुसंस्कृत आहे. ती फक्त पानं ओटीवर मांडते. त्यातली एक आमसुलाचं सार पिऊन विचारते, "काकू, हे झालं, आता जेवण कधी?" एवढ्यात सायकलवरून तुम्ही येता, बघता, आणि त्या मुलींच्या शेजारी मांडी घालता. "वहिनी, मलाही इथंच वाढा." आई कानापर्यंत लाल होते. पानं उचलून आत जातात. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझा अतिथीवरचा निबंध परत मागता. "दहापैकी नऊ दिले होते. काल ओटीवर बसल्यावर कळलं, चार जास्त झाले." त्यातली सारवाली मुलगी पुढे कितीतरी दिवाळ्या आईला पत्र पाठवत राहिली, आणि आई तिला आमसुलं.

आता खेळाडू हॉटेलात उतरतात, मांडवात सगळे एका रांगेत जेवतात, कोण कुठला हे कुणी बघत नाही. सुधारणाच ही. पण परवा एका हॉटेलनं ऐन वेळी खोल्या नाहीत म्हणून कळवलं आणि आठ मुली उघड्यावर आल्या. आमचे सचिव, जहाजावरून निवृत्त झालेले गृहस्थ, भर बैठकीत मला म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडं माणसं दोन नि खोल्या पाच. चौघी तरी घ्याल की नाय?"

"घेतल्या असत्या हो, पण पंप बिघडलाय."

"मग आमचा माणूस धाडतो."

"नको नको, आमचा ठरलेला आहे."

घरी हे ऐकून बायको म्हणाली, "अहो, कुठला पंप? आत्ताच टाकी भरून वाहिली." ती खोल्या झाडायला तयार आहे. कुणाकडं किती मुली, ती यादी उद्या सकाळी पक्की होणार, आणि माझ्या नावापुढची जागा अजून कोरी आहे.

आईला निदान शेजाऱ्यांची भीती होती. मला तीही नाही. चौघी उतरल्या तर आळी कौतुकच करील. तरी दाराशी चपलांचा ढीग, न्हाणीघरापुढं रांग, कुणीतरी खो खो हसतंय, असं डोळ्यांपुढं आलं की मी मागं सरतो. स्वागताचा श्लोक मात्र मीच रचलाय, अनुष्टुभात, निर्दोष. स्पर्धेनंतर दिवे राहतील का, मैदानाला कुलूप लागेल का, ही काळजी मी बैठकीत बोलून दाखवतो, आणि ती खोटी नाही. पण खरी काळजी निराळीच आहे, सर. मला माणसं नकोशी व्हायला लागली आहेत. हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. पण पत्ता असता, तरी तेवढं एक वाक्य खोडूनच पाठवलं असतं.