द्राक्षावरची झाक

सर, परवा पॅकहाऊसमध्ये तुम्ही शिकवलेला एक इंग्रजी शब्द आडवा आला, म्हणून लिहायला बसलो. तुमच्याकडे शिकायला यायचो तेव्हा मी दुसऱ्याच्या पॅकहाऊसमध्ये निर्यातीच्या द्राक्षांच्या पेट्या तपासायचो आणि रविवारी सकाळी परदेशी ग्राहकांच्या ईमेलचे कागद घेऊन तुमच्या स्वयंपाकघरात हजर व्हायचो. चहा तुम्हीच करायचात. एका कागदावर होतं, रंगाबद्दल ‘फ्रेट ओव्हर’ करू नका. मी विचारलं, काळजीच ना, मग सरळ ‘वरी’ का नाही लिहिलं? तुमच्यासाठी आणलेला काळ्या द्राक्षांचा घड मी बोलता बोलता हातात फिरवत होतो, तो तुम्ही काढून घेतलात. मण्यांवरची पांढुरकी झाक पार पुसली गेली होती. “काळजी सगळ्यांनाच असते रे,” तुम्ही म्हणालात. “पण एकाच गोष्टीला परत परत हात लावत बसायचं आणि तिचीच रया घालवायची, ते फ्रेट ओव्हर. कर वाक्य.” मी केलं: आय फ्रेट ओव्हर एव्हरी बॉक्स. “वाक्य बरोबर आहे,” तुम्ही म्हणालात. “सवय सुधार.”

आता दिंडोरी रोडला माझं स्वतःचं पॅकहाऊस आहे. बरं चाललंय. यंदा पोरीने पहिला कंटेनर एकटीने भरायला मागितला, मीही मोठ्या तोंडाने दिला. परवा दुपारी तिच्या पेट्या रांगेत तयार, आणि मी तिथे उभा. हात झाकणावर जातोच. एक उघडली, दुसरी उघडली, तिसरीतले घड उचलून पाहिले. पेट्या भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. पहिल्या हंगामापासून माझ्याकडे असलेली मुकादमबाई सरळ म्हणाली, “शेठ, आमी तुमचं ऐकायचं का ताईचं? एकदा काय ते सांगा.” पोरगी मान खाली घालून यादी बघत राहिली. मला तुमच्या हातातला तो घड दिसला. “ताईचं,” मी म्हणालो आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. कंटेनरला सील लागेपर्यंत सोडले नाहीत. पोरीने मग स्वतःहून चहा आणून दिला, तो घ्यायला सोडले.

सगळे गेल्यावर नमुन्याला ठेवलेली पेटी मात्र मी उघडलीच. घड देठाला धरून उचलला, तरी एका मण्यावर अंगठा फिरला. तो मणी मी खाऊन टाकला. गोड होता. पोरीला हे सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्यापासून तुमच्या पत्त्यावर कुणी राहत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही.