उजव्या खांद्याचं माप

१४ नोव्हें., शुक्र.
दहा महिन्यांनी शूटिंग रेंजवर. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं उरकून. कोच सल्मा (ट्युनिशियाची) "हबिबती!" म्हणत मिठी मारायला आली. मी डावी बाजू पुढे केली.

रायफल तीच, खुणा माझ्याच. खांद्याला लावली तर परकी. बोट ट्रिगरपर्यंत ताणावं लागतंय, मान पुढे जातेय, आणि दस्त्याची मागची पाटी थेट व्रणावर. पाच छर्रे मारले, एकाचंही तोंड दुसऱ्याकडे नाही.

नाशिकला कॉलेजात सरांनी शिकवलेलं माप घेऊन पाहिलं. पाटी कोपराच्या खोबणीत, हात काटकोनात, बोट ट्रिगरवर आरामात पोचलं की दस्ता तुझ्या मापाचा. पोचलं की. तंतोतंत. हात तेवढाच आहे ना! कापलं ते दुसरीकडे.

१० जाने.ला क्लबची चाचणी. त्यात ठरलेले गुण पडले तर क्लबची ही रायफल वर्षभर माझ्या नावावर, नाहीतर रांगेतल्या दुसऱ्या कुणाला. हे सांगताना सल्मा फळ्यावरचं वेळापत्रक वाचत होती. "इन्शाल्ला, यू विल मॅनेज."

१५ नोव्हें.
नंदनला सांगितलं. त्याचं उत्तर तयारच असतं. "काही बदललेलं नाहीये गं. पहिल्यासारखीच दिसतेस." जानेवारीपासून हेच म्हणतोय. चांगला नवरा आहे, केमोच्या दिवसांत उलट्या पुसल्यात त्याने. पण पहिल्यासारखी दिसते हे त्याला कुठून कळलं? मी कपडे बाथरूमला कडी लावून बदलते.

२१ नोव्हें., शुक्र.
पाटीचे स्क्रू सोडवून मधली एक चकती काढली. दस्ता तेवढा आखूड. तर आता डोळा नेम धरायच्या साइटला चिकटतो. साइट पुढे सरकवली. मग गाल टेकायची पट्टी उंच करा. एक हलवलं की तीन हलवा. छर्रे सगळे खाली उजवीकडे.

सल्मा म्हणाली, "जॅकेट काढ. टी-शर्टवर उभी राहा, मी मागून बघते खांदा कुठे आहे." बरोबर आहे तिचं. नेम धरलेल्या माणसाला स्वतःचा खांदा दिसत नाही, दस्ता बसवायला नेहमी दुसरं कुणीतरी लागतं. नाशिकलाही लागायचं. मी म्हटलं, एसी फार आहे, थंडी वाजतेय. ती बरं म्हणाली.

२५ नोव्हें.
रायफल घरी आणता येत नाही, ती रेंजवरच कुलपात. म्हणून वायपर. लादी पुसायच्या वायपरची काठी कापली, मागे फळीचा तुकडा ठोकला. बेडरूमचं दार लावून, जॅकेट घालून आरशासमोर उभी राहते. इरा डोकावलीच. "आई, यू लुक लाइक अ स्नायपर. अ सॅड वन." चौदा वर्षांची आहे, जीभ चाळिशीची.

तेवढ्यात सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. "ते काय गं हातात? जळमटं काढतेस?" हो म्हटलं. "एवढ्यात नको हात वर करूस, नंदनला सांग." सांगते म्हटलं.

जॅकेटमध्ये सगळं सरळच दिसतं. जॅकेट कडक कॅनव्हासचं, आत कुणीही असो, ते आपलं सरळ उभं राहतं.

५ डिसें., शुक्र.
अजून दोन चकत्या काढल्या. आता हा दस्ता एखाद्या सहावीतल्या मुलीला बसेल. पण पहिले छर्रे एकमेकांजवळ पडले! इतका आनंद झाला की लाज वाटावी. सल्माने लांबून अंगठा दाखवला.

मग हात सुजला. बगलेतल्या गाठी काढल्यापासून सुजतो, कधी सुजेल ते त्याचं तो ठरवतो. जॅकेटची बाही घट्ट, सगळं परत इकडे तिकडे. शेवटी पाटी व्रणावरून काढून दंडावर टेकवली. एनसीसीत पहिल्या दिवशी पोरं धरतात तशी. तेवीस वर्षांची असताना राज्य पातळीवर खेळलेली बाई मी.

पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. काचा बंद, एसी चालू. रडायची इथे सोय छान आहे.

९ डिसें., मंगळ.
फिजिओ. ब्लांच वसईची, त्या हॉस्पिटलात मराठी ऐकू येतं ते तिच्याकडूनच. हात धरून वर नेला, मागे नेला, मी ओरडले.

"खांदा पुढे खेचला गेलाय. रेडिएशनने कातडी आवळते ना. व्यायाम कर, सैल पडेल. पण होता तिथे जाईल असं मी नाय सांगत."

किती पुढे, विचारलं.

"रायफल धरून उभी राहिलीस की कळणार ते. इथे कॉटवर काय कळणार? घरी कुणाला तरी बघायला सांग. नवरा आहे ना?"

आहे.

१८ डिसें., गुरु.
इथला नॅशनल डे. सुट्टी, रेंज बंद. आमच्या मदिनत खलीफातल्या घराघरावर झेंडे, गाड्यांचे भोंगे सकाळपासून. नंदन इराला घेऊन कॉर्निशला, समुद्रकाठी गेला. मला गर्दी नको.

आज जॅकेटशिवाय उभी राहिले. काठी खांद्याला लावली आणि आरशात स्वतःकडे बघायचं सोडून मागच्या कपाटाकडे बघत राहिले. एकदा नजर घसरली तेव्हा काय दिसलं ते लिहीत नाही.

सोडून द्यावी रायफल. पंचेचाळीस वय, कुठल्या ऑलिंपिकला जायचंय? कुणाचं काही अडणार नाही. पण मग राहतं काय? गोळ्या, स्कॅन, डबे, आणि "कशी आहेस आता?" असं मान तिरकी करून विचारणाऱ्या बायका. छर्रा सुटायच्या आधी श्वास थांबतो, तेवढ्या वेळात मी कुणाची पेशंट नसते. तेवढीच जागा उरली होती. तीही जाणार असं दिसतंय. फार भीती वाटते. मरणाची वाटली नव्हती एवढी.

२ जाने., शुक्र.
सल्माशी वाजलं. मी आज परत एक चकती घालून बघू म्हटलं तर तिने स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटला. "खलास! मी यापुढे अंदाजाने काही फिरवणार नाही. मला बघू दे, नाहीतर दुसऱ्या कुणाला बघू दे. इट्स ओन्ली अ शोल्डर."

ओन्ली! मी जॅकेट, बूट, सगळं तसंच टाकून निघाले. पार्किंगमधून परत आत गेले, कारण गाडीची चावी जॅकेटच्या खिशात. तिने हसू दाबलं असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवताना नंदन म्हणाला, "कशाला एवढा जीव काढतेस? मन रमवायला दुसरं काही बघू. उद्या सूक वाकिफच्या बाजारात जाऊ, केशर घेऊ, तिथेच जेवू." मी ताट उचललं. वर्ष होत आलं, एकदाही हा म्हणाला नाही, दाखव. मीही दाखवलं नाही. आधी कोण घाबरलं कोण जाणे. पण आता दोघंही त्यात पटाईत झालोय.

६ जाने., मंगळ.
सल्माचा मेसेज. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत खांद्याचं माप कळव, शनिवारी सकाळी चाचणीच्या आधी दस्ता लावून ठेवते. खाली लिहिलंय, सॉरी. मीपण सॉरी लिहिलं. माप काही लिहिता आलं नाही.

९ जाने., शुक्र.
उद्या चाचणी.

इरा मैत्रिणीकडे गेली. दुपारी चहा झाल्यावर नंदनला बेडरूममध्ये बोलावलं. मी जुना पातळ टी-शर्ट घातला होता, आत काही भरलेलं नाही. त्याने बघितलं आणि लगेच खिडकीकडे बघितलं.

"मागे उभा राहा," म्हटलं. "मी डोळे मिटून काठी लावते. खांदा कुठे आहे ते सांग. तुझ्या प्लांटमधला वाकडा पाइप तुला लांबून दिसतो म्हणतोस ना."

लावली. डोळे उघडले.

"बरोबर वाटतंय," तो म्हणाला. काठीकडे बघत.

"परत बघ."

"अगं, खरंच बरोबर आहे."

"नंदन, काठी नको बघूस. मला बघ."

मग बघितलं त्याने. बाजूला आला, परत मागे गेला. हात उचलला आणि मध्येच धरून ठेवला. मीच म्हटलं, लाव. दोन बोटं खांद्याच्या हाडावर टेकवली, तिथून सरकत सरकत पुढे आणली. गार पडली होती बोटं.

"हा पुढे आलाय," म्हणाला. मग परत, "बराच पुढे आलाय गं."

"किती? नीट सांग. माप पाहिजे मला."

टेप आणतो म्हणाला आणि बाथरूममध्ये शिरला. टेप पलंगावरच पडली होती, त्याच्या समोर.

बाथरूमचा नळ चालू आहे, मघापासून. मी टी-शर्ट बदललेला नाही. काठी मांडीवर घेऊन लिहितेय. सल्माला अजून काही कळवलेलं नाही, आणि बाहेर ऊन उतरायला लागलंय.