माजघरातला फोटो

जळगाव, पौष वद्य पंचमी, संध्याकाळ

आज फोटो आला. नुसता काळा. लेकीने सासरहून आईचा फोटो मागितला, म्हणून माझा भाऊ नाना छोटा कॅमेरा कोटात लपवून माजघरात आला होता.

"अक्का, मोठ्या कॅमेऱ्याने अंधारातही चेहरा आला असता. पण तो कोटात मावतो का?"

मोठा आणायचा तर ओसरीवरून, सासूबाईंच्या देखत. विधवेला कसली हौस, म्हणतील. हे असते तर ओसरीवर खुर्ची टाकून बसवलं असतं मला.

अंगणात ऊन आहे, तिथे छोटाही चालेल. उन्हात मी बसते ती फक्त पापड राखायला. तेव्हा नानाने कुडाआडून काढला तर? पण अंगणात पदर हनुवटीपर्यंत ओढावा लागतो. लेकीला काय पाठवू, पदर?