दारभर दिसणारी रुक्मा

मंगळवार, नोव्हेंबर १९८५

उद्या माझी नोकरी राहील का? खरंच सांगता येत नाही. घरात पगार माझ्या एकटीचाच. मी संकलन करते त्या मालिकेच्या झलकेत रुक्मा मालकाकडे विड्यांची मजुरी मागते. दिग्दर्शकांनी तिला वरून टिपलंय. काल शेजारच्या टीव्हीवर आईनं पाहिलं. तिनं स्वतः जन्मभर विड्या वळल्या. म्हणाली, "हे बाई भीक काहून मांगून राहिली वं?" पण रुक्माचे शब्द तर हक्काचे होते! सकाळी दिग्दर्शकांना सांगितलं, तर हसले. "अगं, वरून घेतलं की दया येते." दया कुणी मागितली? कॅमेरा जमिनीलगत ठेवून घेतलेला शॉटही होता. त्यात मालकाच्या दारात उभी रुक्मा दारभर दिसते. वरून... नाहीच. कुणाला न विचारता झलकेत मी तो खालून घेतलेलाच जोडला. संध्याकाळी बातम्यांआधी तो दाखवलाही गेला. मग मीच दिग्दर्शकांना फोन लावून सांगितलं, "शॉट मी बदलला."