मोहाखालची साफ जागा

ओमेश्वरी,

तू आंघोळीले गेली, तेवढ्यात लिहून राहिली. मी सकाळच्या बसने देवरीले, टिकेशभाऊकडे चालली. चहा झाकून आहे.

तुमच्या शनिवार-रविवारच्या जंगल मुक्कामाचा नकाशा पाहिला. लपवायचा होता तर तांदळाच्या डब्यात काऊन ठेवला? तांदूळ रोज मीच काढते.

तंबू ठोकायले तुम्हाले नेणाऱ्या प्रेरणा मॅडमने मोहाखालची जागा धरली. नकाशावर लिहिलं, जागा साफ आहे. अवो, साफ काऊन आहे? मोहफुलं वेचायले बायांनी झाडून ठेवली ती. आता चैतात फुलं पडतात आन पहाटे अस्वल खायले येते. पहिल्यांदा जंगलात झोपणार, आन जागा धरली अस्वलाच्या ताटात!

माझ्या भाऊले ते रान माहीत आहे, त्याले घेऊन दुसरी जागा मीच पाहून येते. फोनवर तो नुसता हो-हो म्हणते.

नवे बूट घालून शनिवारपर्यंत रोज वावराच्या धुऱ्यावरून फिर, नाहीतर पहिल्याच चढावर फोड येतील. पिशवी उचलून पाहिली, जड लागली. आरसा काढून ठेवला.

काल मीच बोलली, या घरची सून रानात मुक्काम करणार नाही. तू भरलं ताट ठेवून उठली. तेव्हापासून मले एका जागी बसवत नाही.

खुमेंद्र आता माझंच नाव पुढे करेल, आई नाही म्हणते म्हणून. नवरा आहे तुझा, पण लेक माझा आहे, मले माहीत आहे. त्याले ही चिठ्ठी दाखव. आईने हो म्हटलं. ते दोन दिवस भात तोच शिजवेल.

– आई