साक्षीतलं राहिलेलं वाक्य

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेलो नाही. सुट्टी नव्हती, अंगात तापही नव्हता. स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, तुझ्या जुन्या वहीतली चार कोरी पानं काढली, कानावरची चपटी पेन्सिल चाकूने तासली आणि लिहायला बसलो. तू मागितलं होतंस तरी काय? वर्गात प्रत्येकाने आपल्या प्रार्थनामंदिराच्या मंडळीतल्या एका माणसाची, देवाने त्याच्यासाठी काय केलं याची साक्ष आणायची, त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलेली. आणि तू तुमच्या सरांना माझं नाव सांगूनही बसली होतीस. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. तेवीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जे उभं राहून सांगतोय, ते कागदावर उतरवायला कितीसा वेळ? गावच्या शाळेत सातवीपर्यंतच शिकलो, पण अक्षर माझं चांगलं. फळ्यावरचा सुविचार मास्तर मलाच लिहायला लावायचे. तुझी आई दहा वाजता आली तेव्हा पानावर तीन वाक्यं होती. बारा वाजता आली तेव्हाही तीनच.

त्याबद्दल सांगतोच, पण आधी तुझं. पाळक व्हायला आपल्या मंडळीतून गेलेली तू पहिली मुलगी, आणि ती गवंड्याची मुलगी, हे मला अजून सकाळी उठल्यावर नव्याने आठवतं. मी बढाया मारत नाही. लोक विचारतात म्हणून सांगतो; कधी कधी विचारायच्या आधी सांगतो, एवढंच. परवा लोखंडाच्या दुकानदाराने हात जोडले. म्हणाला, मिस्त्री, तुमची मुलगी कुठे शिकते, काय शिकते, पहिला उपदेश कशावर केला, सगळं पाठ झालं, आता सळ्या किती हव्यात तेवढं सांगा. घरी येऊन हे सांगितलं तर तुझी आई म्हणाली, बरं झालं, कुणीतरी बोललं. पण तिलाच विचार, तुझ्या अर्जाची प्रत तिने कुठे ठेवलीय ते. कपाटात, तिच्या लग्नाच्या साडीच्या घडीत. त्या अर्जातलं पहिलं वाक्य आम्हा दोघांना तोंडपाठ आहे: माझ्या वडिलांची साक्ष ऐकत मी विश्वासात वाढले.

त्या वाक्यापाशीच माझी पेन्सिल अडली. कारण जी साक्ष ऐकत तू वाढलीस, त्यात एक वाक्य कमी आहे. ते मी कधी उच्चारलं नाही, आणि आता ते तुला सांगावं लागणार होतं.

तू पाच वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून माझी नक्कल करायचीस, आठवतं? एक हात छातीवर, आवाज जाड. 'माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या सकाळी प्रार्थनामंदिराच्या दारावरचा नवा स्लॅब कोसळला. मी बरोबर त्याच्या खाली होतो. तेवढ्यात एका हाताने मला बाहेर ढकललं. मला ओरखडाही आला नाही.' मग तूच आमेन म्हणायचीस आणि तूच टाळ्या वाजवायचीस. घरभर हसू. तिसऱ्या बाकावर बसणारे तुझे ओळंबा काका आपल्या घरी आलेले असले, की तेही हसायचे, काठीवर हनुवटी टेकून.

ओळंबा काकांना तू रविवारच्या शाळेचे शिक्षक म्हणून ओळखतेस. पहिलं वचन त्यांनीच तुझ्याकडून पाठ करून घेतलं. 'देवाशी बोलताना आवाज बदलायचा नाही' हेही त्यांनीच शिकवलं. मी त्यांना उस्ताद म्हणून ओळखतो. थापी धरायला मला त्यांनी शिकवलं. त्यांची भिंत ओळंबा सोडून बघितली तर दोरीला केसभरही चुकत नसे, म्हणून हे नाव पडलं. दारावरचा तो स्लॅब आम्ही दोघांनी मिळून टाकला होता, सेवा म्हणून. तो कोसळला, त्यांचा पाय त्याखाली गेला आणि मंडळीत कुजबुज झाली की ओळंब्याने कालवलेला माल कच्चा होता. आपल्या शेजारच्या शिंपीणबाई तर मोठ्याने म्हणाल्या. त्यानंतर त्यांना कुणी बांधकामाला बोलावलं नाही. लोक म्हणायचे, पाय गेला बिचाऱ्याचा, पण मनात कच्च्या मालाचा हिशेब असायचाच. आणि त्याच लोकांनी पुढे मला मंडळीचा कारभार पाहणारा वडील म्हणून निवडून दिलं.

त्या दुपारी तुझी आई समोर बसली. पानावरची तीन वाक्यं तिने वाचली आणि म्हणाली, देवाला ठाऊक आहे, तुमच्या उस्तादांना ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे, तुम्ही झोपेत बोलता. मग आता लपवता कुणापासून? लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आणि मला वाटत होतं की मी खोल माणूस आहे.

संध्याकाळी मी ओळंबा काकांकडे गेलो. ते पायरीवर बसून मुलांसाठी वचनांच्या चिठ्ठ्या कापत होते. मी उभाच राहिलो. म्हटलं, उस्ताद, पोरीने साक्ष लिहून मागितलीय. त्यांनी कात्री थांबवली नाही. म्हणाले, मग लिही की, अक्षर तर बरं आहे तुझं. मी म्हटलं, खरी लिहायचीय. तेव्हा कात्री थांबली. म्हणाले, तू 'एका हाताने' म्हणालास की दर वेळी खोकतोस. आमची ही दहा वर्षं म्हणतेय, त्याला काढा द्या. मी म्हटलं, काढ्याने जाणारा खोकला नाही तो.

मी विचारलं, तुम्ही कधी का बोलला नाहीत. त्यांनी जागा करून दिली, मी बसलो. म्हणाले, सुरुवातीला राग होता, म्हणून बोललो नाही. रागात बोललेलं देवाच्या कामाचं नसतं. राग गेला तोवर तुझी पोर माझ्या वर्गात येऊन बसली होती. आणि लेका, मी सांगितलं असतं तर ती तक्रार झाली असती. तू सांगशील तर साक्ष होईल. एवढं बोलून त्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, आलाच आहेस तर कापू लाग, वेडंवाकडं कापलंस तर बघ.

पोरी, आमच्या धंद्यात एक गोष्ट नव्या माणसाला समजत नाही. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी तो दगडासारखा दिसतो. थापी मारली तर खणकन वाजतो. पण आत तो ओला असतो. त्याला रोज पाणी द्यावं लागतं, खालचे टेकू ठेवावे लागतात, आणि दिवस जाऊ द्यावे लागतात. मला बाप्तिस्मा मिळाला, माझी साक्ष झाली, वडीलपण मिळालं, तेव्हा वाटलं की आपण पक्के झालो. आता वाटतं, मी फक्त वरून सुकलो होतो. तू सुट्टीत आलीस की प्रार्थनेनंतर प्रश्न विचारायचीस, मला राग यायचा. मागच्या वेळी तू विचारलंस, बाबा, देवाने त्यानंतर तुमच्यासाठी काहीच केलं नाही का, दर वेळी तीच गोष्ट सांगता? मी जेवणाच्या ताटावरून उठलो होतो. तू रडलीस. आज कबूल करतो, तो प्रश्न म्हणजे पाणी होतं, आणि ते ओतणारी माझीच मुलगी होती, याचा मला किती अभिमान वाटतो ते तोंडाने मला सांगता आलं नसतं. म्हणून एवढी पानं.

आता ती सकाळ, जशी घडली तशी. स्लॅब टाकून नऊच दिवस झाले होते. उस्तादांनी बजावलं होतं, अजून आठवडाभर टेकूला हात लावायचा नाही. पण दुसऱ्या दिवशी तुझा बाप्तिस्मा होता. दारात लाकडांचं जंगल, आणि तुला घेऊन सगळे मागच्या बाजूने आत जाणार, हे मला बघवेना. मला तुला पुढच्या दाराने न्यायचं होतं, मी बांधलेल्या छपराखालून. उजाडता उजाडता मी एकटा गेलो आणि हातोड्याने मधले टेकू पाडले. चौथा पडला तेव्हा वरून बारीक वाळू गळायला लागली. मी वर बघत उभा राहिलो. उस्ताद रोजच्यासारखे स्लॅबला पाणी द्यायला आले होते. त्यांनी फाटकातून बघितलं, बादली टाकली आणि धावत आले. एका हाताने मला असं ढकललं की मी पायऱ्यांवरून खाली बागेच्या मातीत पडलो. ते मात्र खालीच राहिले आणि स्लॅब त्यांच्या पायावर कोसळला. लोक जमले तोवर मी उभा होतो आणि कुणीतरी म्हणालं, देवानेच वाचवलं याला. मी मान हलवली. तेवीस वर्षं मी ती मान हलवतच होतो.

हे पत्र लिहायचं कारण असं की, सोबतच्या पाकिटात साक्षीचं पान आहे. ते तुझ्या वर्गात वाचलं जाईल. ते चारचौघांत तुझ्या कानावर पहिल्यांदा पडू नये, किंवा इथलं कुणी फोनवर घाईने सांगू नये, तुझ्या बापानेच सांगावं. तुझ्या अर्जातलं पहिलं वाक्य मी थोडं खोटं पाडलंय, त्याची माफी मागतो. पण तुझ्यातला विश्वास खोटा नाही. तो ज्याने रुजवला तो माणूस तिसऱ्या बाकावरच बसलेला होता. काल महिन्याचा पहिला रविवार होता. पाळकसाहेबांनी मला बोलावलं, मुलांनी सवयीने ओठ हलवायची तयारी केली. मी म्हटलं, टेकू मी काढले. माल पक्का होता. ज्या हाताने मला ढकललं तो देवाचाच होता, यात मला आजही शंका नाही, पण त्याच्या नखांत सिमेंट होतं, आणि तो हात आज काठी धरून आपल्यात बसलाय.  मग शिंपीणबाई उठल्या, तिसऱ्या बाकापाशी गेल्या आणि सगळ्यांदेखत ओळंबा काकांची क्षमा मागितली. ते म्हणाले, क्षमा केव्हाच झाली बाई, तुमच्या कुंपणाची भिंत कलली आहे तेवढी मला दाखवायला बोलवा, पाय नाही पण डोळा शाबूत आहे. लोक हसले, काही रडले. मी वडिलांच्या खुर्चीकडे परत गेलो नाही. पाळकसाहेबांच्या हातात राजीनामा दिला, खाली उतरलो आणि माझ्या उस्तादांच्या शेजारी जाऊन बसलो.

तुझाच,
बाबा